जुन्या फोटोवर नावापुढे 'जे.पी.' लिहिलंय. मुंबईचे हे जस्टिस ऑफ द पीस नक्की कोण होते?

माहेर_गिरगाव

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आईच्या माहेरची लोखंडी ट्रंक खाली काढली, तर त्यात पणजोबांचा मोठा फोटो सापडला. स्टुडिओत काढलेला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पगडी, उपरणं, लांब कोट आणि हातात काठी. खाली शाईने नाव लिहिलंय आणि नावापुढे फक्त जे.पी. एवढंच. वाळवीने एक कोपरा खाल्लाय पण अक्षरं स्वच्छ दिसतात.

आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. आई म्हणते माझे आजोबा जज्ज होते, लहानपणी शेजारीपाजारी त्यांचा उल्लेख 'जस्टिस' असाच करायचे हे तिला पक्कं आठवतंय. मामा म्हणतो कसले जज्ज, ते कापसाच्या दलालीत होते, मॅट्रिकपण झाले नव्हते, ही रावसाहेब रावबहादूर टाइप पदवी असणार, इंग्रज साहेब खूश झाला की वाटायचा तशी. मी नेटवर शोधलं तर आधी अंधेरीचा जे.पी. रोडच समोर आला, तो तर जयप्रकाश रोड, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मग इंग्लंडचे जस्टिस ऑफ द पीस दिसले पण आपल्या मुंबईत ते काय करायचे हे नीट कुठे एका जागी मिळेना.

तर कोणाला माहिती असेल तर सांगा. हे जे.पी. खटले चालवायचे का? पगार मिळायचा का? आणि कापसाचा दलाल माणूस जस्टिस कसा होऊ शकतो? आई ७८ वर्षांची आहे, रोज विचारते काही कळलं का म्हणून, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिलंत तर तिला वाचून दाखवेन.


फोर्ट_भटक्या

ताई, आई आणि मामा दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, पण मधला सगळ्यात मोठा भाग दोघांकडूनही सुटलाय. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे लांबलचक होईल, आईंना दोन दिवसांत वाचून दाखवा.

जस्टिस ऑफ द पीस ही मूळची इंग्लंडची पद्धत, तिथे १३६१ च्या कायद्यापासून चालत आलेली. गावातला वजनदार माणूस नेमायचा, पगार नाही, कायदा शिकलेला असायची अट नाही. त्याने शांतता राखायची, बारीकसारीक गुन्ह्यांचा निवाडा करायचा, आणि पुढे पुढे रस्ते, पूल, दारूच्या दुकानांचे परवाने असली गावकीची कामंही त्याच्याच अंगावर आली. म्हणजे अर्धा न्यायाधीश आणि अर्धा गावकारभारी. हे अर्ध-अर्ध लक्षात ठेवा कारण मुंबईत दुसरं अर्धं पहिल्यापेक्षा खूप मोठं झालं.

मुंबईत १७२६ च्या राजाच्या सनदेने मेयरचं कोर्ट आलं, त्याच सनदेत गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलातले पाच वरिष्ठ हे जस्टिस ऑफ द पीस ठरले. म्हणजे व्यापार करणारे तेच, राज्य करणारे तेच आणि शिक्षा देणारेही तेच. मग १७९३ च्या कायद्याने दोन गोष्टी झाल्या. कंपनीच्या नोकरांशिवाय शहरातल्या इतर ब्रिटिश रहिवाशांनाही जस्टिस नेमता येऊ लागलं, आणि या जस्टिस मंडळींना घरांवर पट्टी बसवून रस्ते झाडून घेणं, दुरुस्त करणं, पहारा ठेवणं आणि दारूचे परवाने देणं हे अधिकार मिळाले. मुंबई महापालिकेचं बी इथे पेरलं गेलं असं मी मानतो. महापालिका हा शब्द यायच्या कितीतरी आधी घरपट्टी आणि झाडू हे दोन्ही जस्टिसांच्या हातात होते.

पण या सगळ्यात आपला माणूस कुठेच नव्हता. १८२६ च्या ज्यूरीच्या कायद्याने हिंदी लोकांना साध्या ज्यूरीत बसायला मिळालं पण ग्रँड ज्यूरीत (खटला उभा करायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांत) फक्त ख्रिश्चन, आणि ख्रिश्चन आरोपीचा खटला असेल तर ज्यूरीत पण फक्त ख्रिश्चनच. म्हणजे गोरा माणूस आमचा न्याय करणार, आम्ही त्याचा करायचा नाही. याच्याविरुद्ध अर्ज गेले, मुंबईच्या शेठ लोकांनी नेट लावला, राममोहन रॉय तेव्हा विलायतेत होते त्यांनी तिथे बाजू मांडली, कंपनीचे डायरेक्टर कुरकुरत राहिले तरी १८३२ मध्ये पार्लमेंटने तो भेद काढून टाकला आणि त्याच कायद्याने हिंदी माणसाला जस्टिस ऑफ द पीस होता येऊ लागलं. त्यानंतर १८३४-३५ च्या सुमाराला मुंबईत पहिले हिंदी जे.पी. नेमले गेले, त्यात आपले नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई, फ्रामजी कावसजी ही नावं होती. त्यात बरेचसे पारशी शेठ होते कारण शहरातला पैसा आणि इंग्रजांशी रोजची ऊठबस त्यांच्याकडे होती.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे बघा. नाना शंकरशेट वकील नव्हते, सावकारी आणि व्यापाराच्या घरातले. जमशेटजी तर चीनच्या व्यापारात उभे राहिलेले. त्यामुळे कापसाचा दलाल जे.पी. झाला यात आश्चर्य काहीच नाही, मुंबईचा जस्टिस पहिल्यापासून बाजारातलाच माणूस होता. पगार एक पैसा नाही. मान होता, पण तो मान फुकटचा नव्हता. १८४५ मध्ये शहराच्या साफसफाईसाठी कॉन्झर्व्हन्सी बोर्ड झालं त्यात पोलीसचे सीनियर मॅजिस्ट्रेट आणि कलेक्टर यांच्या जोडीला पाच जस्टिस बसले, दोन युरोपियन आणि तीन हिंदी, आणि त्यांना जस्टिसांच्या बेंचने, म्हणजे सगळ्या जस्टिसांनी मिळून, निवडून द्यायचं होतं. म्हणजे गटारं कुठून न्यायची, मैला कुठे टाकायचा, कुठल्या रस्त्याला खडी घालायची यावर हिंदी माणूस साहेबाच्या बरोबरीने एका टेबलावर बसून मत देतोय, तेही १८५७ च्या बारा वर्षं आधी. तीन माणसंच, पण बहुमत व्हायला त्या तिघांना अजून एकच मत लागत होतं. ही गोष्ट आपल्याकडे शाळेत कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून मामांना सांगा की ही नुसती रावबहादूरसारखी पदवी नव्हती. पदवीवाल्याला काम नसतं, जे.पी. ला काम होतं.


विहार_ते_तुळशी

भटक्या साहेबांनी १८४५ ला सोडलं तिथून मी पुढे नेतो, कारण जस्टिसांची खरी गोष्ट १८६५ ते १८७२ या सात वर्षांची आहे आणि माझा मुंबईच्या पाण्याचा जुना नाद त्यातच अडकलाय.

१८५८ मध्ये कॉन्झर्व्हन्सी बोर्ड जाऊन तीन कमिशनर आले. १८६० मध्ये विहारचं पाणी शहरात आलं, त्याआधी सगळं विहिरी आणि तलावांवर चालायचं. मग अमेरिकेत यादवी लागली, तिकडचा कापूस बंद, आपल्या कापसाला सोन्याचा भाव, मुंबईत पैशाचा पूर. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. एवढी माणसं एवढ्याशा बेटावर, त्याच साली डॉक्टर लीथ यांनी शहराच्या आरोग्यावर अहवाल दिला तो वाचताना अंगावर काटा येतो. तीन कमिशनरांचा कारभार या पुराला पुरणारच नव्हता.

म्हणून १८६५ चा कायदा आला. या कायद्याने मुंबईचे सगळे जस्टिस ऑफ द पीस मिळून एक कॉर्पोरेशन झालं, आणि कारभार चालवायला एकच म्युनिसिपल कमिशनर, त्याच्या हातात सगळी सत्ता. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, ज्याच्या नावाचं मार्केट आपण अजून म्हणतो, कागदोपत्री ते महात्मा फुले मंडई झालं तरी. लोकांना वाटतं म्युनिसिपालिटी म्हणजे नगरसेवक, पण सात वर्षं मुंबईचे नगरसेवक म्हणजे जे.पी. च होते, आणि ते सरकारने नेमलेले, एकाही माणसाने त्यांना मत दिलेलं नव्हतं.

क्रॉफर्डने काम प्रचंड केलं हे मान्य करायलाच पाहिजे. मार्केट बांधलं, कत्तलखाना शहरातून उचलून वांद्र्याला नेला, गटारांच्या मागे लागला, रस्ते रुंद केले, रस्त्यांवर गॅसचे दिवे पण १८६५ लाच लागले. पण पैसा पाण्यासारखा गेला. आणि नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेची लढाई संपून कापसाचा भाव कोसळला, शेअरबाजार बुडाला, कालचे लखपती दिवाळखोर झाले. अशा वेळी घरपट्टी, दिव्याची पट्टी, हलालखोर पट्टी (मैला उचलण्याची), गाड्यांवर चाकांचा टॅक्स असं सगळं वसूल होत राहिलं तर लोक किती सहन करणार. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारख्या माणसांनी करदात्यांची बाजू लावून धरली आणि १८७१ च्या जूनमध्ये टाऊन हॉलमध्ये जस्टिसांची जी सभा झाली ती मुंबईच्या इतिहासातली मोठी सभा, क्रॉफर्डच्या खर्चावर तिथे उघड हल्ला झाला आणि शेवटी त्याला पद सोडावं लागलं.

बरेच लोक ही गोष्ट उधळ्या साहेब विरुद्ध गरीब करदाते अशी सांगतात. मला ते अपुरं वाटतं. क्रॉफर्डला लगाम घालायचं काम कुणाचं होतं? जस्टिसांच्या बेंचचं. शेकडो माणसं, कुणाला निवडून यायचं नाही, कुणाला हिशोब द्यायचा नाही, बरेच तर सभेला फिरकायचे नाहीत, आणि पैसे संपल्यावर सगळे एकदम जागे. हेच त्या वेळी २६ वर्षांच्या एका तरुण बॅरिस्टरने फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उभं राहून सांगितलं, की कमिशनर एकच असू द्या पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेली सभा बसवा. लोकांना क्रॉफर्डचं रक्त हवं होतं, त्यांना ते भाषण अजिबात रुचलं नाही, बराच गोंधळ झाला. तो बॅरिस्टर म्हणजे फेरोजशहा मेहता.

१८७२ चा कायदा त्याच दिशेने गेला. ६४ सभासदांचं कॉर्पोरेशन, ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ सरकारने नेमायचे आणि उरलेले १६ जस्टिसांनी आपल्यातून निवडायचे. १८८८ च्या कायद्यात सभासद ७२ झाले, करदात्यांचे ३६ झाले, युनिव्हर्सिटीचे फेलो आणि चेंबर ऑफ कॉमर्स यांना दोन दोन जागा मिळाल्या, पण जस्टिसांच्या १६ तशाच राहिल्या. आणि कमिशनर एक, त्याच्यावर सभा, हा सांगाडा मुंबईत आजपर्यंत तोच आहे, १८८८ चाच कायदा दुरुस्त्या करत करत चालू आहे.

तुमचे पणजोबा १९०० च्या आसपासचे असतील तर ताई, ते या १६ जागांचे मतदार होते हे नक्की.


ठाणे_कोर्टनाका

वर इतिहास छान आलाय, मी वकिली बाजू थोडक्यात टाकतो. खटले चालवायचे का या प्रश्नाचं उत्तर काळ बघून द्यावं लागेल. सुरुवातीच्या काळात जस्टिस किरकोळ फौजदारी कामात बसायचे. पण पुढे पगारी प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट आणि त्यांच्या जोडीला ऑनररी मॅजिस्ट्रेट आले, तेव्हापासून मुंबईत निवाडा करणारा आणि नुसता जे.पी. हे वेगळे झाले. एखादा माणूस दोन्ही असू शकत होता. त्यामुळे पणजोबा बेंचवर बसून दंड करायचे का हे ठरवायला नावापुढे ऑनररी मॅजिस्ट्रेट कुठे लिहिलंय का ते बघा, नुसतं जे.पी. असेल तर बहुतेक नाही.

दुसरी एक गोष्ट, जी माझ्या मते वर यायला हवी होती. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांबाहेर, म्हणजे मुफसलात, जस्टिस ऑफ द पीस या शब्दाला फार कडवट अर्थ होता. तिथे गोऱ्या आरोपीचा खटला चालवायचा तर मॅजिस्ट्रेट हा जस्टिस ऑफ द पीस हवा आणि तो स्वतःही गोरा हवा अशी अट होती. म्हणजे पुण्यात किंवा नाशकात हिंदी माणूस कितीही मोठा मॅजिस्ट्रेट झाला तरी दारू पिऊन मारामारी करणाऱ्या गोऱ्याला हात लावू शकत नव्हता, आणि तेच मुंबईत मात्र चालत होतं. १८८३ चं इल्बर्ट बिल ही विसंगती काढायला आलं आणि गोऱ्यांनी केवढा गदारोळ केला ते सगळ्यांना माहितीये, शेवटी बिल पातळ करून पास केलं. त्यानंतर दोन वर्षांत मुंबईत काँग्रेस भरली. म्हणून मुंबईतल्या जे.पी. चं महत्त्व मोजताना मुफसलात काय परिस्थिती होती तेही डोळ्यासमोर ठेवा.

स्वातंत्र्यानंतर पण जे.पी. होते. १९५५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यांना थोडे अधिकार आणि कर्तव्यं लिहून दिली, २२-ए आणि २२-बी ही कलमं. मग १९७३ ची नवीन संहिता आली, १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तिच्यात जस्टिस ऑफ द पीस हे प्रकरणच नव्हतं आणि ऑनररी मॅजिस्ट्रेटपण गेले. त्या जागी कलम २१ खाली स्पेशल एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट, आपले एसईएम, विशेष कार्यकारी दंडाधिकारी, आणि पुढे एसईओ, विशेष कार्यकारी अधिकारी. ज्यांचं कॉलेज नव्वदच्या दशकात झालं त्यांना आठवत असेल, मार्कशीटच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन गल्लीतल्या एसईओ काकांच्या घरी जायचं, ते जेवत असतील तर बाहेर बाकड्यावर बसायचं, मग गोल शिक्का आणि सही. तो शिक्का जे.पी. चाच वारस आहे. सेल्फ अटेस्टेशन आल्यापासून ती वर्दळ कमी झाली.

आणि अजून एक, पाकिस्तानात तीच १८९८ ची संहिता अजून चालू आहे आणि तिथे २२-ए, २२-बी ही नंबरं रोज कोर्टात ऐकू येतात. पोलिसांनी एफआयआर घेतला नाही तर लोक सेशन जज्जाकडे 'जस्टिस ऑफ पीस' म्हणून अर्ज करतात.


माहेर_गिरगाव

सगळ्यांचे खूप खूप आभार. आईला काल रात्री भटक्या दादांचं आणि आज सकाळी पाण्याच्या दादांचं वाचून दाखवलं, नाना शंकरशेट पण जे.पी. होते म्हटल्यावर ती उठून देवघरात जाऊन आली.

आता नवीन गंमत म्हणजे त्याच ट्रंकेत खाली कापडात बांधलेल्या तीन वह्या निघाल्या. दोन नुसत्या हिशोबाच्या आहेत, मोडीत, आम्हाला वाचता येत नाहीत. तिसरी बाळबोधमध्ये, १९०७ सालची, रोजच्या नोंदी. बहुतेक सगळं कापसाचे भाव, पाहुणे, पाऊस. पण एका पानावर लिहिलंय 'जस्टिसांची निवडणूक. फेरोजशहांस मत दिले.' आणि पुढे काही दिवसांनी नुसतं 'फेरोजशहा सतरावे' आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्यात. सतरावे म्हणजे काय? वर १६ जागा लिहिल्या आहेत म्हणून मला एकदम धस्स झालं. कुणी सांगेल का?


फोर्ट_भटक्या

ताई, मी हे वाचून खुर्चीतून उठलो. तुमच्या हातात काय आहे ते तुम्हाला कळतंय का? ती वही जपा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडातच ठेवा.

१९०७ ची निवडणूक म्हणजे मुंबई कॉर्पोरेशनच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली निवडणूक. १८७२ पासून पस्तीस वर्षं फेरोजशहा मेहता कॉर्पोरेशनमध्ये होते आणि त्यांचा शब्द तिथे शेवटचा असायचा. हे काही सरकारी साहेबांना सलत होतं. अकाउंटंट जनरल हॅरिसन, पोलीस कमिशनर गेल, आणि टाइम्सचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी मिळून त्यांना पाडायचा घाट घातला, लोक त्या गटाला 'कॉकस' म्हणायला लागले. वॉर्डातून फेरोजशहांना पाडणं अवघड होतं, पण ते उभे होते जस्टिसांच्या मतदारसंघातून, आणि जस्टिस म्हणजे कोण? सरकारनेच नेमलेली माणसं. सरकारी अधिकारी, सरकारशी धंदा असणारे, मानमरातबाची आशा असणारे. कॉकसने १६ जागांसाठी १६ नावांची यादी काढली आणि त्या यादीलाच मतं द्या असा जस्टिसांमागे तगादा लावला.

यादी अख्खी निवडून आली. फेरोजशहांचा नंबर लागला सतरावा. एका नंबराने गेले. तुमच्या पणजोबांच्या त्या दोन रेघा म्हणजे हे.

आणि मग पुढचं ऐका. निवडून आलेल्या सोळापैकी एकाची निवड कायद्यात बसत नव्हती म्हणून रद्द झाली आणि सतरावे फेरोजशहा त्या जागी आत आले. पुढे १९१५ मध्ये वारले तोपर्यंत कॉर्पोरेशनवर त्यांचाच पगडा राहिला. आज महापालिकेच्या बिल्डिंगसमोर ज्यांचा पुतळा उभा आहे तो हाच सतरावा माणूस. वहीत पुढची पानं नीट बघा, त्याची नोंद पण असेल कदाचित.

पण मला यातलं जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे. पोलीस कमिशनर स्वतः प्रचारात आहे, मतदार सगळे सरकारच्या नेमणुकीचे, मतदारांची संख्या मोजकी, प्रत्येकाला प्रत्येकजण ओळखतो. अशा वेळी कापसाच्या एका दलालाने फेरोजशहांना मत दिलं आणि ते वहीत लिहूनपण ठेवलं. नावापुढची ती दोन अक्षरं सरकारने दिलेली, सरकार ती परतही घेऊ शकत होतं. ताई, आईंना सांगा, जज्ज असते तर एवढा अभिमान वाटला नसता.

जस्टिसांच्या या १६ जागा १९२२ च्या कायद्याने गेल्या. १०६ सभासद झाले, ७६ वॉर्डातून, आणि जस्टिसांना वेगळा मतदारसंघ उरला नाही. त्यानंतर जे.पी. म्हणजे सही, शिक्का आणि मान एवढंच राहत गेलं. मामा म्हणतात ती पदवी खरी या काळातली.


लालबाग_परळ

चर्चा एक नंबर चाललीये पण सगळे शेठ, बॅरिस्टर आणि साहेब, म्हणून एक नाव घालतो. नारायण मेघाजी लोखंडे. जोतिरावांचे सहकारी, 'दीनबंधु' चालवणारे, गिरणी कामगारांची पहिली संघटना ज्यांनी १८८४ मध्ये उभी केली, १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी ज्यांच्यामुळे मिळाली ते. १८९३ च्या दंगलीनंतर हिंदू मुसलमान कामगारांमध्ये समेट व्हावा म्हणून ते खूप झटले. त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली आणि जस्टिस ऑफ द पीसही केलं होतं. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेले.

माझे आजोबा गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम होते, त्यांच्या तोंडून लोखंड्यांचं नाव लहानपणी ऐकलंय. ज्या बेंचवर गिरण्यांचे मालक बसायचे त्याच यादीत गिरणी कामगारांचा पुढारी पण होता हे विसरू नका. 'पीस' म्हणजे शांतता हा शब्द कुणाच्या बाबतीत खरा झाला असेल तर त्यांच्या.


सिडनी_सदाशिव

थोडं बाजूचं लिहितो, चालेल ना. मी अकरा वर्षं सिडनीत आहे. इथे जे.पी. अजून जिवंत आहेत! आलो तेव्हा डिग्रीची सर्टिफाइड कॉपी हवी होती, ऑफिसात कुणीतरी म्हणालं लायब्ररीत जा, तिथे जे.पी. बसतात. गेलो तर एक टेबल, एक पाटी, आणि मागे ऐंशीच्या घरातल्या एक आजी, चष्मा लावून प्रत्येक पान मूळ कागदाशी ताडून बघत होत्या. सही केली, शिक्का मारला. पैसे विचारले तर म्हणाल्या घेता येत नाहीत. इथे राज्याकडे यादी असते, कुणीही लायक माणूस अर्ज करून जे.पी. होतो, आपले मराठी लोकपण झालेत काही. पण शहराचा कारभार वगैरे काही नाही, कागद आणि शपथा एवढंच.

हे सगळं वाचल्यावर कळलं की मुंबईत या पदाचं किती मोठं झाड झालं होतं.


माहेर_गिरगाव

भटक्या दादा, पुढची पानं बघितली. 'फेरोजशहा आत आले' असं सापडलं, त्या दिवशी घरात श्रीखंड केलं होतं तेही लिहिलंय, चक्का किती आणला आणि केवढ्याला ते सुद्धा. आई रडली. मामाला फोन करून वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला वहीचे फोटो पाठव.

एक शेवटचं विचारते, त्यांची नेमणूक कधी झाली हे कुठे कळेल? आणि मोडी वह्यांचं काय करू?


ठाणे_कोर्टनाका

नेमणुका सरकारी गॅझेटमध्ये छापून यायच्या, बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेट. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमध्ये राज्याचं पुराभिलेखागार आहे तिथे विचारा, जाण्याआधी वेळ आणि कागदपत्रं काय लागतात ते फोन करून घ्या. १९०७ ला ते मतदार होते हे तर नक्की झालं, म्हणून तिथून एक एक वर्ष मागे जात शोधा. इंग्रजीत नावाचं स्पेलिंग तीन चार प्रकारे लिहून न्या, एकाच माणसाचं नाव दर वर्षी वेगळं छापलेलं असतं. मोडी वह्या कुणालाही घरी नेऊ देऊ नका, आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि फोटोच द्या वाचायला. हिशोबाच्या वह्या म्हणून टाकून देऊ नका, कापसाच्या दलालाच्या १९०० च्या आसपासच्या खतावण्या म्हणजे अभ्यासकांना मोठं घबाड आहे.


फोर्ट_भटक्या

आणि आईंना जिना चढता येत असेल तर त्याच फेरीत टाऊन हॉलला नेऊन आणा, एशियाटिकची लायब्ररी आहे तिथे. पायऱ्या बऱ्याच आहेत, सावकाश. आत नाना शंकरशेटांचा पुतळा आहे आणि जमशेटजींचाही. जस्टिसांच्या सभा ज्या इमारतीत व्हायच्या तीच ही. मोडीच्या पानांचे फोटो मला पाठवलेत तर दोन महिन्यांत मी देवनागरीत उतरवून देईन, मला सवय आहे, फक्त उजेडात आणि सरळ वरून काढा, पानाची कड कापू नका, कडेलाच आकडे असतात.